जन्माने राज्य नाही, मतानेच राज्य!



समजा, खात्यातला जॉबर निवृत्त झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पोरगा पहिल्या पाळीला येऊन म्हणाला, “माझा बाप इथं जॉबर होता, आजा जॉबर होता, म्हणून आजपासून मी जॉबर. करा सलाम!” तर आपण काय म्हणू? आपण म्हणू, “अरे बाबा, आधी साच्यावर उभा राहा. तुटलेला धागा सांधून दाखव. बापाचं बापापाशी, तुझं काय ते बोल.”

कापडाच्या एका ताग्यासाठी आपण एवढे चोखंदळ. मग कोट्यवधी माणसांचा कारभार ज्याच्या हाती द्यायचा, त्याला “तू कुणाचा मुलगा?” एवढंच विचारायचं होय? राज्य चालवणं हे साचा चालवण्यापेक्षा सोपं काम आहे काय?

हा सवाल जुना आहे, पण मेलेला नाही. संस्थाने गेली, राजप्रमुख गेले, तनखे गेले. तरी निवडणूक आली की “महाराज”, “राजे”, “सरकार” अशा हाका पुन्हा कानावर येतात. म्हणून या गाद्या कशा टिकल्या, कशा गेल्या आणि कुणी घालवल्या, हे आपण कामगारांनी नीट समजून घेतले पाहिजे. आमचे म्हणणे एका वाक्याचे आहे: ज्याला जनता खुर्चीवरून खाली उतरवू शकत नाही, त्याला जनतेने खुर्चीवर बसवू नये.

माणसेही वाटून घेतली!

१९४७ साली इंग्रज गेला तेव्हा या देशात साडेपाचशेहून जास्त संस्थाने होती. देशाचा सुमारे दोन-पंचमांश मुलूख त्यांच्या ताब्यात होता. १८५७ च्या बंडाने हादरलेल्या इंग्रजाने ही संस्थाने पुढे मुद्दाम जपली. संस्थानिकाने इंग्रजाशी इमान राखायचे आणि इंग्रजाने त्याची गादी राखायची, असा हा रोखठोक सौदा होता. सौद्यात रयत कुठेच नव्हती. १९२१ साली सरकारने दिल्लीत नरेंद्रमंडळ स्थापले. म्हणजे राजांची युनियन खुद्द सरकारने हौसेने काढून दिली! कामगारांच्या संघटनांना कायद्याचा आधार मिळायला मात्र १९२६ साल उजाडावे लागले, आणि त्यानंतरही मालकाच्या दारात लाठ्या खाव्या लागल्या त्या वेगळ्याच.

आपल्या मराठी मुलखाचा नकाशा तेव्हा कसा होता? मिरज थोरली पाती, मिरज धाकटी पाती. कुरुंदवाड थोरली पाती, कुरुंदवाड धाकटी पाती. भावाभावांचे पटले नाही की वाटणी झाली, आणि जमिनीबरोबर माणसेही वाटली गेली! सांगली संस्थानचा एक तुकडा कृष्णेच्या काठी, तर दुसरा तुकडा शहापूर, थेट बेळगावच्या कुशीत. लोक कोणती भाषा बोलतात, बाजाराला कुठे जातात, सोयरीक कुठे करतात, हे कुणी विचारले नाही. पूर्वी कुणाला कुठली जहागीर मिळाली, एवढ्यावरून सीमा ठरल्या.

त्याच मुलखातला माणूस भाकरीसाठी गिरणगावात आला. सावंतवाडीचा आला, कोल्हापूरचा आला, जंजिऱ्याचा आला. परळ-लालबागला तो गिरणीचा हात, आणि गावी गेला की कुणाच्या तरी गादीची रयत. कित्येक संस्थानांत वेठबिगार होती, नजराणे होते, आणि दरबार म्हणेल तोच कायदा होता. इकडे मालक, तिकडे राजा. आमच्या आजे-पणजांनी दोन्ही जोखडे एकाच मानेवर वाहिली आहेत.

गादी कुणी हलवली?

आता आम्हांला कुणी सांगतात, “राजेलोकांनी देशासाठी त्याग केला. आपणहून राज्ये दिली.” बंधूंनो, ज्यांनी आपणहून दिली त्यांना आमचा मुजरा आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी तसे होते. इंग्रज अजून जायचा होता, तेव्हा १९३९ सालीच त्यांनी आपल्या ७२ गावांच्या संस्थानात राज्यघटना आणून कारभार रयतेच्या हाती दिला. पण साडेपाचशेंत असे किती? बोटांवर मोजा, बोटे उरतील.

बाकीच्यांच्या गाद्या हलवल्या त्या रयतेने. १९२७ साली मुंबईतच अखिल भारतीय देशी राज्य प्रजा परिषद उभी राहिली. दक्षिणी संस्थानांतली माणसे आपली परिषद घेऊन झगडत होती. १९३८ च्या एप्रिलात म्हैसूर संस्थानात विदुराश्वत्थ गावी झेंडा लावायला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्याच साली ओरिसातल्या ढेंकनाल संस्थानात बाजी राऊत नावाचा १२ वर्षांचा होडीवाला पोरगा गोळीने मारला गेला, का तर त्याने दरबारच्या शिपायांना नदीपार न्यायला नकार दिला!

आणि त्रावणकोर? तिथले काथ्याचे कामगार आठवा. सूत नव्हे तर नारळाचा काथ्या, पण कातणे, विणणे तेच. म्हणजे आपलेच भाऊबंद. १९४६ च्या ऑक्टोबरात पुन्नप्रा आणि वायलार इथे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या फौजेने त्यांच्यावर बंदुका चालवल्या. शेकडो पडले. पुढच्याच जूनमध्ये याच दिवाणाने जाहीर केले की इंग्रज गेल्यावर त्रावणकोर स्वतंत्र राहणार. कुणापासून स्वतंत्र? भारतापासून आणि आपल्याच रयतेपासून! त्रावणकोर, हैदराबाद यांचा हा स्वतंत्रपणाचा दावा कायद्यालाही धरून नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून १९४७ मध्येच ठणकावून सांगितले होते.

राजेपणाचा मद काय चीज आहे, हे मुंबईनेही पाहिले आहे. १९२५ च्या जानेवारीत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून पडला. खुनाचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले. चौकशीला तोंड द्यायचे की गादी सोडायची, असा पेच पडला तेव्हा तुकोजीराव होळकरांनी १९२६ साली गादी सोडली. गादी गेली कुणाकडे? मुलाकडे! रयतेला कुणी विचारले का? रयतेने फक्त मिरवणूक बघायची.

काल निजाम, आज राजप्रमुख!

हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जात होता. मराठवाड्यातला शेतकरी मात्र कर्जात आणि काळोखात. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा झाला नाही. गावोगाव रझाकारांचा धुमाकूळ चालला. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तो लढा चालवला. हे स्वामी तरुणपणी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेले होते, हे आपण कामगारांनी विसरू नये. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज आत शिरली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संपली नाही! २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक आले आणि त्याच निजामाला हैदराबाद राज्याचा राजप्रमुख म्हणून बसवले. राजप्रमुख म्हणजे काय? तर इतर राज्यांत राज्यपालाची जी जागा, तीच जागा. ज्याच्या राज्याविरुद्ध माणसांनी तुरुंग भोगले, त्याच्याच सहीने मुक्त झालेल्या लोकांचे कायदे निघू लागले. जयपूरचे महाराज राजस्थानचे राजप्रमुख, ग्वाल्हेरचे शिंदे मध्य भारताचे, नवानगरचे जामसाहेब सौराष्ट्राचे, पतियाळाचे महाराज पेप्सूचे. लोकशाहीच्या नव्या साच्यावर जुन्याच धोट्याने काम चालले होते.

हे धोटे कुणी काढून टाकले? भाषावार राज्यांच्या मागणीने! १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने राजप्रमुखपद नको म्हणून सांगितले. १ नोव्हेंबर १९५६ ला घटनेच्या सातव्या दुरुस्तीने नवी राज्ये आली आणि राजप्रमुख गेले. हैदराबाद संस्थानचे तीन भाग झाले. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसुरात, आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे आपल्याकडे, मुंबई राज्यात. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

म्हणून आम्ही म्हणतो, भाषेचे राज्य म्हणजे केवळ भाषेचा अभिमान नव्हे. राजाच्या जहागिरीने सीमा ठरायची ती आता बोलणाऱ्या माणसांनी ठरू लागली, हा त्याचा खरा अर्थ. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांत गिरणी कामगार आहेत. ते नकाशावरच्या रंगासाठी मेले नाहीत. आमच्या भाषेत आमचा कारभार आम्ही करू, यासाठी मेले. त्या कारभारात पुन्हा कुणी जन्माच्या जोरावर घुसणार असेल तर त्या रक्ताचे मोल काय राहिले?

तनख्याचा हिशेब

आता पैशाचे बोलू. पगारपत्रक वाचता येते त्याला हा हिशेब कळेल. संस्थाने विलीन झाली तेव्हा संस्थानिकांना दरसाल तनखा देण्याचे ठरले. घटनेच्या २९१ व्या कलमात ते लिहून ठेवले. निजामाला सुरुवातीला वर्षाला ५० लाख रुपये. भागून बघा: दिवसाला साडेतेरा हजारांहून जास्त! पाळी नाही, खाडा नाही, दंड नाही. आणि दुसऱ्या टोकाला सौराष्ट्रातल्या कटोडियाचा संस्थानिक, त्याला वर्षाला १९२ रुपये, म्हणजे महिन्याला १६. राजा तो राजा, १६ रुपयांचा का असेना! आणि दोन्ही रकमांवर आयकर माफ. आपण काड्यापेटी घेतली तरी तिच्यावर कर भरतो.

एवढ्यावर भागले नाही. माजी राजावर दिवाणी दावा लावायचा तर आधी केंद्र सरकारची परवानगी काढावी लागे. कायद्यापुढे सगळे समान, पण काही जण कायद्याच्या मागे उभे!

सरदार पटेलांनी ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत या तनख्यांची बाजू मांडली होती. रक्त न सांडता एवढी संस्थाने देशात आली, त्या मानाने ही किंमत थोडी आहे, असा त्यांचा मुद्दा. हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्या घाईच्या, फाळणीच्या दिवसांत शब्द देणे भाग पडले असेल. पण किंमत म्हणजे एकदा चुकती करायची रक्कम. पिढ्यान् पिढ्या चालणारा खंड नव्हे. बापाचा तनखा मुलाला, मुलाचा नातवाला, असा करार रयतेच्या नावावर करण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

तनखे रद्द करणेही सोपे गेले नाही. १९७० साली लोकसभेने दुरुस्ती मंजूर केली, पण राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ अशी मते पडून ती पडली. दोन-तृतीयांशाला एक पुरे मतही कमी नव्हते, मताचा तुकडा कमी पडला! मग राष्ट्रपतींच्या हुकुमाने संस्थानिकांची मान्यता काढली, तर डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. शेवटी १९७१ च्या निवडणुकीनंतर, त्याच साली डिसेंबरात, घटनेची २६ वी दुरुस्ती झाली. तनखे गेले, पदव्या गेल्या, खास हक्क गेले. तोपर्यंत दरसाल पावणेपाच कोटींच्या वर रक्कम जात होती.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. विलिनीकरणाच्या वेळी कोणता वाडा, कोणती बाग, कोणती मालमत्ता राजाची खासगी, याच्या याद्या झाल्या. वारसाचा हक्क लिहून ठेवला गेला. आता १९८२ च्या संपानंतरचे दिवस आठवा. मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या वेळी कामगाराच्या हक्काची यादी घेऊन कोण त्याच्या खोलीवर आले? गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले आणि कामगारांचे वारस घराचे अर्ज हातात धरून वर्षानुवर्षे रांगेत राहिले. राजाच्या वारसाला गादी आणि कामगाराच्या वारसाला रांग! जन्माला मान देणारा कारभार कसा असतो, हे यातून समजते.

“पण काही राजे चांगले होते!”

होते. कोण नाही म्हणतो? १९०२ साली मागासलेल्या जातींसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे, १९०६ साली कोल्हापुरात कापडगिरणी उभारायला घेणारे, १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहणारे शाहू महाराज आमच्या काळजात आहेत. आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे आणि भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन परदेशी धाडणारे सयाजीराव गायकवाड आम्हांला वंद्य आहेत. सावंतवाडीचा कामगार बापूसाहेब महाराजांचे नाव निघाले की आजही हात जोडतो. जोडावेतच.

पण पुढे काय झाले ते पाहा. सयाजीरावांच्या मागून नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. तिजोरीतून उचललेल्या रकमांवरून मोठा वाद झाला, आणि १९५१ साली भारत सरकारने त्यांची मान्यताच काढून घेतली. तीच गादी, तेच रक्त, तोच वाडा. आजा तसा आणि नातू असा! मग रक्तात गुण असतो तो गेला कुठे? चांगला राजा मिळणे म्हणजे मटक्याचा आकडा लागणे. एखाद्याला लागतो, बाकीचे घर विकतात. त्यावर राज्य चालवायचे काय?

शाहू महाराज मोठे कशाने झाले? गादीने नव्हे. गादी तर साडेपाचशे जणांपाशी होती. ते केले त्या कामाने मोठे झाले. आणि शिवछत्रपतींचे नाव घेऊन जे जन्माचा मोठेपणा सांगतात त्यांना आम्ही विचारतो, महाराजांना रायगडावरचे सिंहासन कुणी वारशात दिले होते काय? मावळातल्या गरीब पोरांच्या साथीने, स्वतःच्या पराक्रमाने त्यांनी ते उभे केले. त्यांच्या चरित्रातून कर्तृत्व शिकायचे, का वारसाहक्क?

आजच्या गाद्या

कुणी म्हणेल, “आता राजे कुठे राहिलेत? ते तर मते मागून निवडून येतात.” खरे आहे. १९६२ साली जयपूरच्या महाराणी गायत्री देवी प्रचंड मतांनी लोकसभेवर गेल्या. २०२४ साली कोल्हापूर आणि सातारा या दोन्ही गाद्यांचे वारस लोकसभेवर निवडून आले, एक काँग्रेसच्या तिकिटावर, दुसरे भारतीय जनता पक्षाच्या. निवडणूक लढवणे हा त्यांचा हक्क आहे, जसा तो आमचा आहे. तो हक्क कुणी हिरावून घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. आमची तक्रार उमेदवाराशी नाही, आमच्याच वाकलेल्या कमरेशी आहे. मत देताना माणूस पाहायचा की मुजरा करायचा? गादीला घातलेले मत हिशेब मागत नाही. आणि हिशेब न मागणारे मत म्हणजे कोरी सही केलेला कागद.

आणि जुन्या गाद्यांवरच बोट ठेवून थांबू नका! नव्या गाद्या तयार झाल्या आहेत. बाप आमदार, म्हणून पोरगा आमदार. साखर कारखान्याची खुर्ची घरात, बँकेची खुर्ची घरात, पक्षाची खुर्चीही घरात. यांना तोफांची सलामी नाही, पण फटाक्यांच्या माळा आहेत. जुन्या संस्थानिकाला इंग्रजाचा तरी धाक होता. या नव्या संस्थानिकाला फक्त आपलाच धाक असू शकतो, आणि आपण तो दाखवत नाही. युनियनमध्येसुद्धा पुढाऱ्याचा पोरगा म्हणून कुणी पुढारी होत असेल, तर तिथेही आधी साच्यावर उभा कर, मग बोल!

आमची मागणी

एक: सरकारी कागदावर, सरकारी समारंभात कुणाच्याही नावामागे राजेपणाची पदवी नको. घटनेने ती काढली, कारकुनाने आणि मंत्र्याने ती परत चिकटवू नये.

दोन: मत मागायला कोणीही दारात येवो, गादीचा वारस, आमदाराचा वारस किंवा पुढाऱ्याचा वारस, त्याला एकच विचारा: “तुम्ही स्वतः काय केलंत? गिरणी कामगाराच्या घराचं काय, सूतगिरणीच्या पगाराचं काय, पोरांच्या शाळेचं काय?” बापाचे, आज्याचे उत्तर आले तर “नमस्कार” म्हणा आणि दार लावा.

तीन: चाळीत, खात्यात, गावी, पोराबाळांना हा इतिहास सांगा. वाड्यांचे दिवे सगळ्यांना दिसतात. त्या दिव्यांना तेल कुणाचे होते, ते आपण सांगितले नाही तर कोण सांगणार?

बंधूंनो, भगिनींनो, राजा गेला तो कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. झेंडा लावणाऱ्यांनी, काथ्या वळणाऱ्यांनी, होडी न हाकणाऱ्या पोराने, मराठवाड्याच्या शेतकऱ्याने त्याला घालवला. आणलेले राज्य राखायचे काम आता आपले आहे. ताठ मानेने मत द्या, आणि दिलेल्या मताचा हिशेब दर पाच वर्षांनी वसूल करा!

जन्माच्या राज्याला मूठमाती द्या!
मताचे राज्य चिरायू होवो!
कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!